शंभर फेऱ्या आणि चौसष्ट वर्षं

वयाच्या शंभरीत अंगणात फेऱ्या मारून ३०० कोटी रुपयांहून जास्त निधी उभा करणारे कॅप्टन टॉम मूर यांना जाऊन २ फेब्रुवारीला पाच वर्षं झाली. ऐन तरुणपणी हा माणूस आपल्या खडकीत राहून गेला होता. त्यांची आठवण काढताना फेऱ्यांबरोबर आणखीही काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

२०२० सालचा एप्रिल आठवतोय? आमची बॅच तेव्हा दहावीची. भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता घरातले दिवे घालवून सगळ्यांनी गॅलरीत पणत्या लावल्या. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, इंग्लंडमधल्या मार्स्टन मोरटेन नावाच्या गावात ९९ वर्षांचे एक आजोबा वॉकर घेऊन घराबाहेर आले आणि चालायला लागले.

अंगणातली एक फेरी होती २५ मीटरची. ३० एप्रिलला त्यांना शंभर वर्षं पूर्ण होणार होती, त्याआधी शंभर फेऱ्या पूर्ण करायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे एकूण अंतर फक्त अडीच किलोमीटर. आपण कॉलेजच्या गेटपासून कट्ट्यापर्यंत दिवसभरात एवढं सहज चालतो. पण दोन वर्षांपूर्वी पडून खुबा मोडलेल्या माणसासाठी हे अंतर मोठं होतं. या निमित्तानं ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, म्हणजे एनएचएसच्या कर्मचाऱ्यांसाठी, १,००० पौंड जमवायचं उद्दिष्ट होतं. त्या वेळच्या दरानं लाखभर रुपयेसुद्धा नाहीत. गणेशोत्सवात एखाद्या गल्लीतलं मंडळ याहून जास्त वर्गणी जमवतं!

महिनाअखेरीस तो आकडा सुमारे ३ कोटी २८ लाख पौंडांवर गेला. त्या वेळच्या दरानं ३०० कोटी रुपयांहून जास्त. पैसे देणारे हात होते पंधरा लाखांच्या आसपास.

कॅप्टन टॉम यांची ही गोष्ट बहुतेकांनी व्हॉट्सअॅपवर वाचलेली असते. पण ती तिथेच थांबते. त्याआधीची शंभर वर्षं आणि त्यानंतरची चार वर्षं फारशी कुणी फॉरवर्ड करत नाही.

पुण्यातला मुक्काम

टॉम मूर यांचा जन्म ३० एप्रिल १९२०चा, यॉर्कशरमधल्या कीथली या गावातला. शिक्षण सिव्हिल इंजिनीअरिंगकडे वळलेलं आणि डोक्यात कायम मोटारसायकल. रेसमध्येही ते भाग घ्यायचे. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांना सक्तीच्या लष्करी भरतीत बोलावणं आलं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन रेजिमेंटमध्ये ते दाखल झाले आणि पुढच्या वर्षी अधिकारी झाले. म्हणजे आपण जेव्हा एस.वाय.च्या सबमिशनच्या मागे धावत असतो, त्या वयात.

त्यानंतर त्यांची पलटण भारतात आली. आफ्रिकेला वळसा घालून जहाजानं मुंबई, मुंबईहून रेल्वेनं पुणे आणि तिथून खडकी. इंग्रज तेव्हा तिला 'किर्की' म्हणायचे. लष्करातल्या मोटारसायकलस्वारांना तयार करण्यासाठी प्रशिक्षण सुरू करायचं आणि चालवायचं, ही जबाबदारी भारतात त्यांच्यावर आली. आवडीचंच काम!

पुढे ते ब्रह्मदेशाच्या आराकान भागात लढाईवर गेले. तिथे त्यांना डेंग्यूनं गाठलं, पण ते त्यातून बचावले. ज्या चौदाव्या सैन्यात ते होते, त्याला 'विसरलं गेलेलं सैन्य' म्हणतात. युरोपातल्या लढायांच्या बातम्यांपुढे या आघाडीची फारशी दखलच घेतली गेली नाही. या सैन्यातले बहुसंख्य जवान भारतीय होते, हे तर आपल्यालाही शाळेत कुणी धड सांगितलेलं नसतं.

१९४५ च्या सुरुवातीला ते मायदेशी परतले आणि रणगाड्यांच्या प्रशिक्षण केंद्रात शिक्षक म्हणून राहिले. मग लष्कर सुटलं. त्यांची लष्करी कारकीर्द अशी फार तर सहा-सात वर्षांची. छातीवर पदकं. इतर लाखो सैनिकांसारखीच एक नोंद.

घरचा माणूस

लष्करातून बाहेर पडल्यावर टॉम यांनी छपराचं साहित्य विकणाऱ्या कंपनीत सेल्समनची नोकरी केली. पुढे काँक्रीटचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत ते मॅनेजर झाले. पहिलं लग्न टिकलं नाही. १९६८ मध्ये पामेलाशी त्यांचं दुसरं लग्न झालं, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना दोन मुली झाल्या. म्हणजे ज्या वयात आपले काका-मामा रिटायरमेंटच्या गोष्टी करायला लागतात, त्या वयात हा माणूस लंगोट बदलत होता.

उतारवयात पामेला यांना स्मृतिभ्रंश झाला आणि त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागलं. टॉम त्यांना रोज भेटायला जायचे. तिथे बाकीची माणसंही त्यांना दिसायची. कित्येकांना भेटायला कुणीच यायचं नाही. म्हातारपणातलं एकटेपण हा विषय तेव्हापासून त्यांच्या मनात राहिला. २००६ मध्ये पामेला गेल्या. नंतर टॉम धाकट्या मुलीच्या घरी राहायला आले. मुलगी, जावई, नातवंडं आणि आजोबा, असं तीन पिढ्यांचं घर. इंग्लंडमध्ये हे आपल्याकडच्या इतकं सर्रास नाही.

या सगळ्या काळात एक काम त्यांनी सोडलं नाही. आपल्या रेजिमेंटमधल्या जुन्या सोबत्यांचा दरवर्षीचा मेळावा ते भरवत राहिले. किती वर्षं? ६४.

या आकड्याचा आपल्या अनुभवातून विचार करा. शाळेच्या ग्रुपचं गेट-टुगेदर ठरवायचं म्हटलं तर काय होतं? पोल टाकला जातो, अकरा जण 'येस' म्हणतात, चार जण येतात आणि पुढच्या वर्षी पोलही पडत नाही. इथे एक माणूस, मोबाइल नसलेल्या काळापासून, पत्ते सांभाळतोय, तारीख ठरवतोय, जागा बघतोय. दरवर्षी यादीतली काही नावं कमी होतायत आणि तरी पुढच्या वर्षीची तारीख ठरतेच आहे. युद्धातून आलेल्या माणसाला ज्या गोष्टी घरी सांगता येत नाहीत, त्या कदाचित अशाच एखाद्या टेबलावर सांगता येत असतील.

या कामाची बातमी झाली नाही, कुणी लाइव्ह आलं नाही आणि पदकही मिळालं नाही. स्वयंसेवा म्हणजे काय, हे मात्र मला या ६४ वर्षांतून जास्त कळतं.

फेऱ्यांमागचं कारण

मग अंगणातल्या फेऱ्या का? कारण अगदी साधं होतं. २०१८ मध्ये ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. एनएचएसच्या डॉक्टर-नर्सनी त्यांना पुन्हा उभं केलं. कॅन्सरवरचे उपचारही तिथेच झाले होते. ज्यांनी आपल्यासाठी एवढं केलं, ती माणसं आता कोविड वॉर्डात राबतायत. आपण घरात बसून काय करू शकतो? चालू शकतो. तेवढं करू.

सुरुवातीला ही बातमी स्थानिक होती. मग टीव्हीवर आली आणि बांध फुटला. १६ एप्रिलला ते शंभरावी फेरी मारत होते, तेव्हा दोन्ही बाजूंना यॉर्कशर रेजिमेंटचे जवान मानवंदना द्यायला उभे होते. त्यांची जुनी रेजिमेंट २००६ मध्ये याच रेजिमेंटमध्ये विलीन झालेली आहे. त्या दिवशी निधी १ कोटी २० लाख पौंडांपुढे गेला होता.

नंतर जे झालं ते सिनेमात दाखवलं तर आपण 'अति झालं' म्हणू. मायकेल बॉल या गायकाबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं ब्रिटनच्या चार्टवर पहिलं आलं. तिथे पोचलेले ते सर्वांत वयस्क कलाकार. शंभराव्या वाढदिवसाला घरावरून दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडाली. दीड लाखांच्या आसपास शुभेच्छापत्रं आली, ती नातवाच्या शाळेच्या हॉलमध्ये मांडावी लागली. १७ जुलैला विंडसर कॅसलच्या आवारात राणी एलिझाबेथ यांनी आपल्या वडिलांच्या तलवारीनं त्यांना 'सर' केलं. तेव्हा राणी ९४ वर्षांच्या होत्या आणि ते १००!

आता पैशाचं. एनएचएस चालते ती सरकारी पैशावर. मग सरकारी दवाखान्यांसाठी लोकांनी वर्गणी का काढायची, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो योग्यच होता. हा निधी पगारासाठी नव्हताच. रुग्णालयांशी जोडलेल्या धर्मादाय संस्थांच्या महासंघाकडे तो गेला. सलग ड्यूटी करणाऱ्यांसाठी विश्रांतीच्या खोल्या, समुपदेशन, खाणंपिणं, वॉर्डातल्या पेशंटना घरच्यांशी बोलता यावं म्हणून टॅब, अशा गोष्टींसाठी अशा निधीचा उपयोग झाला. जी गोष्ट सरकारी बजेटच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण थकलेल्या माणसाला लागते, ती.

त्यांचं बघून इतरही उठले. पूर्व लंडनमधल्या बो भागात दबीरुल इस्लाम चौधरी नावाचे मूळ बांगलादेशी आजोबा, तेही शंभर वर्षांचे, रमजानच्या महिन्यात रोजे ठेवून आपल्या इमारतीच्या बागेत चालले आणि त्यांनी ४ लाख पौंडांहून जास्त जमवले. दोन्ही पाय कृत्रिम असलेल्या पाच वर्षांच्या एका मुलानं जून महिन्यात थोडं थोडं करून १० किलोमीटर पूर्ण केले आणि ज्या रुग्णालयानं त्याला वाचवलं, त्याच्यासाठी १० लाख पौंडांहून जास्त उभे केले.

जानेवारी २०२१ मध्ये टॉम यांना न्यूमोनिया झाला, मग कोविडही निघाला. न्यूमोनियाच्या औषधांमुळे त्यांना लस देता आली नव्हती. २ फेब्रुवारीला बेडफर्डच्या रुग्णालयात ते गेले. ज्या साथीत त्यांनी एवढा निधी जमवला, त्याच साथीत. अंत्यसंस्काराला निर्बंधांमुळे घरची फक्त आठ माणसं होती.

नंतर जे झालं

इथे लेख संपवला असता तर छान, गोड झाला असता. पण गोष्ट तिथे संपत नाही आणि आपण पत्रकारिता शिकतोय, तेव्हा पुढचंही सांगायला हवं.

२०२० मध्येच त्यांच्या नावानं एक फाउंडेशन सुरू झालं होतं. एकटेपण, दुःखातून जाणाऱ्यांना आधार, असे चांगले हेतू होते. पण ब्रिटनच्या चॅरिटी कमिशननं जून २०२२ मध्ये या फाउंडेशनच्या कारभाराची औपचारिक चौकशी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. मुलगी आणि जावई यांना फाउंडेशनशी असलेल्या संबंधातून वारंवार खासगी लाभ झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. टॉम यांच्या पुस्तकांसाठी प्रकाशकाकडून जवळपास १५ लाख पौंडांची आगाऊ रक्कम आली. पुस्तक घेतलं की संस्थेला मदत होईल, असा वाचकांचा समज झाला होता. त्या आगाऊ रकमेतून फाउंडेशनकडे काहीच गेलं नाही. घराच्या आवारात फाउंडेशनच्या कामाचं कारण देऊन इमारत बांधायला परवानगी घेतली, प्रत्यक्षात मोठी इमारत झाली आणि आत स्पा पूल निघाला. स्थानिक प्रशासनानं ती पाडायला लावली. दोघांना धर्मादाय संस्थांचं विश्वस्तपद घेण्यास बंदी झाली, मुलीला १० वर्षं आणि जावयाला ८ वर्षं.

दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. एक, फेऱ्यांमधून जमलेला ३ कोटी २८ लाखांचा निधी यात नव्हता. तो थेट एनएचएसच्या धर्मादाय महासंघाकडे गेला होता. दोन, हे नियामक संस्थेचे निष्कर्ष आहेत, फौजदारी कोर्टाचा निकाल नाही. आपल्यावर अन्याय झाला, असं कुटुंबाचं म्हणणं आहे.

तरी वाईट वाटतंच. ज्या घरानं म्हाताऱ्या माणसाला प्रेमानं सांभाळलं, त्याच घराबद्दल असं वाचावं लागतं. यातून 'सगळे सारखेच, म्हणून कुणाला काही देऊच नये' असा निष्कर्ष काढणं सगळ्यात सोपं. मला तो पटत नाही. टॉम यांचं चालणं खरं होतं आणि पैसे देणाऱ्यांची भावनाही खरी होती. चूक झाली ती पुढे: माणसावरचा विश्वास त्याच्या नावाच्या पाटीवर आपोआप चढवला गेला. चांगुलपणा वारसाहक्कानं मिळत नाही. त्याचा हिशोब प्रत्येकाला वेगळा द्यावा लागतो.

आपल्यासाठी काय?

आपल्यापैकी बरेच जण एनएसएसला असतात. कॉलेज फेस्टमध्ये 'सोशल कॉज'चा स्टॉल असतोच. कुठे पूर आला की डबा घेऊन आपण वर्गावर्गात फिरतो, हल्ली क्यूआर कोड फिरवतो. मग तीन प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. पैसे नेमके कुणाच्या खात्यात जातायत? किती जमले आणि कुठे खर्च झाले, हे देणाऱ्यांना परत कोण सांगणार? आणि आपल्या खिशातला खर्च त्यातून वजा होणार असेल, तर ते आधी सांगितलंय का?

ब्रिटनमध्ये जसं चॅरिटी कमिशन, तसे आपल्याकडे धर्मादाय आयुक्त आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली राज्यातल्या ट्रस्टची नोंदणी तिथे होते आणि त्यांना दरवर्षी हिशोब तपासून द्यावे लागतात. एखाद्या संस्थेला मदत करण्याआधी नोंदणी क्रमांक विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. नीट काम करणारी संस्था तो आनंदानं देते.

दुसरी गोष्ट माजी सैनिकांची. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला स्टेटस ठेवणं झालं की आपलं कर्तव्य संपतं. ज्या खडकीत तरुण टॉम मूर आले होते, तिथे आजही मुळा रोडला युद्ध स्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. त्यातले कित्येक आपल्याच वयाचे. खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, अपंगत्व आलेल्या जवानांना नव्यानं काम शिकवणारी, १९१७ पासूनची. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही तिथेच आहे, १९७४ पासून. रोज बसनं त्या भागातून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

तिथे थेट जाऊन सेल्फी काढायचा नाही, हे सांगायला नकोच. आधी फोन करा, त्यांना कशाची गरज आहे ते विचारा, परवानगी घ्या. कदाचित त्यांना तुमच्याकडून काहीच नको असेल. मग आपल्या सोसायटीत, गावात एखादे निवृत्त सुभेदार किंवा हवालदार आजोबा असतातच. बँकेचं अॅप, पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला, डॉक्टरची अपॉइंटमेंट, यात अडलेले असतात. नाहीतर नुसतेच एकटे असतात.

३०० कोटी जमवणं आपल्या हातात नाही. ते टॉम मूर यांच्याही हातात नव्हतं, त्यांनी तर १,००० पौंडच ठरवले होते. ६४ वर्षांचा मेळावा मात्र पूर्णपणे त्यांच्या हातात होता. आपल्याही हातात तसं काहीतरी असतं. महिन्यातला एक रविवार आणि एकच घर ठरवा. एक तास बसा, निघताना पुढच्या महिन्याची तारीख सांगा आणि त्या तारखेला परत जा.